डोईजड

हेल्मेटच्या बाबतीत पुणेकराचं धोरण ठरलेलं आहे. आधी विरोध करायचा, मग विचार करायचा आणि विचारान्ती विरोध कायम ठेवायचा. १ जानेवारी २०१९पासून शहरात हेल्मेटसक्तीची मोठी मोहीम सुरू झाली तेव्हा हेल्मेटसक्तीविरोधी कृती समिती रस्त्यावर उतरली आणि अमृततुल्यात कटिंग पिणारा जो तो एकदम शरीरशास्त्रावर बोलायला लागला. हेल्मेटने मान आखडते. केस गळतात. ऐकू येत नाही. मागचं दिसत नाही. (मागचं दिसत नाही अशी तक्रार करणाऱ्या एका गृहस्थांच्या गाडीला दोन्ही आरसे नव्हते.) सगळ्यात बिनतोड मुद्दा आमच्या शेजारच्या काकांचा होता. "अहो, या गर्दीत ताशी वीसच्या वर गाडी जाते का कुणाची? पडायलासुद्धा काही एक वेग लागतो!"

त्याआधी २०१६ साली परिवहनमंत्री दिवाकर रावते यांनी 'हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही' अशी घोषणा केली होती. ती पुढे बरीच मवाळ झाली. पण त्या दिवसांत आमच्या पंपावर एकच हेल्मेट रांगेतल्या पहिल्या माणसापासून शेवटच्यापर्यंत हातोहात फिरताना मी पाहिलं आहे. ते मुळात कुणाचं, हे रांगेत कुणालाच माहीत नव्हतं.

मी मात्र कायदा पाळणाऱ्यांतला. माझ्याकडे स्वतःचं हेल्मेट होतं. मोहीम जोरात असताना फूटपाथवरच्या ढिगातून निवडून घेतलेलं. पैसे दिल्यावर विक्रेत्याने खिशातून स्टिकरांची पट्टी काढली आणि विचारलं, "आयएसआय कुठं लावू, मागं का पुढं?" घर कोथरूडला, ऑफिस डेक्कनला. एवढ्याशा अंतरात ते हेल्मेट बहुतेक वेळ माझ्या डाव्या कोपराचं रक्षण करायचं. चौकात मामा दिसले की डोक्यावर जायचं, चौक संपला की पुन्हा कोपरावर. याहून आरामशीर हेल्मेट मी आजवर वापरलेलं नाही.

मग आमचं ऑफिस हिंजवडीला गेलं.

नव्या इमारतीच्या फाटकावर सुरक्षारक्षक उभा होता. हेल्मेटशिवाय दुचाकी आत सोडायची नाही, असा तिथला नियम.

"सर, हेल्मेट?"

"हे काय."

त्याने बोटाच्या पेराने वर टकटक केलं. "सर, ही टोपी आहे."

"आयएसआय आहे," मी पाठ वळवून दाखवलं.

त्याने नखाने स्टिकर खरवडलं. ते अलगद त्याच्या तळहातावर आलं. "आता नाही," तो म्हणाला. वर त्याने हेही ऐकवलं की जून २०२१पासून असला माल विकायलाच बंदी आहे, त्यामुळे मी तो घेतला कुठून हेही सांगितलं तर बरं. माझ्या मागे दुचाक्यांची रांग चांदणी चौकापर्यंत गेली असावी, निदान हॉर्नच्या आवाजावरून तरी तसं वाटत होतं.

त्या शनिवारी मी नाना पेठेत गेलो. दुचाकीला लागणारी कुठलीही वस्तू इथे मिळते, फक्त दुचाकी लावायला जागा मिळत नाही. दुकानात जमिनीपासून छतापर्यंत हेल्मेटं रचलेली. फरिदाबादची, आपल्या बेळगावची, काही सातासमुद्रापलीकडची. एवढी बिनमाणसांची डोकी एकदम आपल्याकडे बघायला लागली की कुणालाही आपण काय घ्यायला आलो होतो याचा विसर पडेल.

"एखादं आरामशीर हेल्मेट दाखवा," मी म्हणालो.

दुकानदार काउंटरवरून हलला नाही. "घालायला का दाखवायला?"

"म्हणजे?"

"साहेब, दाखवायचं असेल तर खाली आहेत, घालायचं असेल तर वर. शिडी लावायला लागते, म्हणून आधी विचारतो."

शिडी लागली. पण आधी टेप निघाला. भुवयांच्या बोटभर वरून, कानांच्या वरून, मागच्या उंचवट्यावरून त्याने तो फिरवला आणि आकडा वाचला. ५९.

"पंचाईत आहे," तो म्हणाला. मिडियम अठ्ठावन्नपर्यंत, लार्ज साठचं. एका कंपनीचं लार्ज ते दुसऱ्या कंपनीचं मिडियम. वर पुन्हा नुसत्या घेराने भागत नाही, आकारही बघावा लागतो. त्याने मला वरून, बाजूने आणि नंतर स्टुलावर चढून पुन्हा वरून पाहिलं. "तुमचं डोकं लांबट आहे. हा माल बराचसा गोल डोक्यांचा. गोल हेल्मेट लांबट डोक्यावर घातलं की कपाळाला मध्यभागी रुततं. अर्ध्या तासात कपाळ उठतं."

माझं डोकं लांबट आहे ही बातमी मला या वयात, चार गिऱ्हाइकांसमोर कळत होती. मी तिथूनच आईला फोन लावला.

"शक्यच नाही," आई म्हणाली. "चांगली मोहरीची उशी केली होती तुला. रोज तेल लावून डोकं गोल करायला बाई यायची."

"मग लांबट कसं झालं?"

"तू एका कुशीवर झोपायचास. तेव्हापासून कुणाचं ऐकत नाहीस."

दुकानदाराने मिडियम खाली काढलं. दोन्ही पट्टे बाहेर ताणून धरायचे आणि मग डोकं आत घालायचं, अशी त्याची रीत. डोकं आत गेलं. कान मागेच राहिले आणि नंतर दुमडून, कुरकुरत आले. आरशात पाहिलं तर सारण जास्त झालेला मोदक मिटताना दिसतो तसा चेहरा मधल्या खिडकीतून बाहेर यायला बघत होता.

"घट्ट होतंय," मी म्हणालो, पण दोन्ही गाल दातांत आल्यामुळे ते "घघघ होघघ" असं बाहेर आलं.

"घट्टच पाहिजे," दुकानदार म्हणाला. त्याला हेल्मेटातली भाषा येत होती. "डोकं हलवा. हेल्मेट फिरलं पण गाल फिरले नाहीत, तर मोठं होतंय. गाल बरोबर फिरले तर बरोबर. आता मागनं वर उचलून बघतो, डोक्यातून निघून येतंय का." त्याने खरोखरच मागून धरून उचललं. हेल्मेट आलं नाही. मी आलो.

"आता पंधरा मिनिटं असेच बसा," तो म्हणाला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

हेल्मेट घालून दुकानात स्टुलावर बसलेल्या माणसाला काय प्रतिष्ठा असते, हे ज्याने अनुभवलं त्यालाच कळेल. एका मुलाने मला बोटाने टोचून पाहिलं. एक बाई समोर येऊन म्हणाल्या, "हे केवढ्याला?" मी मान हलवल्यावर त्या दचकून दोन पावलं मागे गेल्या. बसल्या बसल्या मी लार्ज मागवून घेतलं. ते घातलं मात्र, आणि स्वर्गसुख! कान मोकळे, गाल मोकळे, वारा खेळता. हेच ते आरामशीर हेल्मेट, असं मी जाहीर केलं आणि "कोण आलं?" म्हणून उजवीकडे वळलो. हेल्मेट समोरच बघत राहिलं.

"साहेब," दुकानदार शांतपणे म्हणाला, "दुकानात जे बरं वाटतं ना, ते रस्त्यावर बरं नसतं. आतला फोम महिनाभरात दबतो. आज घट्ट घ्या, पुढं बसेल. आज सैल घ्याल, तर पुढं ते तुमच्या आधी घरी पोचेल." पुढे त्याने एक मधला मार्गही सुचवला. घेर लार्जचा आणि गालांचे पॅड जाड, बदलून घातलेले. मी म्हणालो, घरी विचारून सांगतो.

हीच विनाशाची सुरुवात. आपल्याकडे घर घेताना लोक फार बोलत नाहीत, कर्ज आपल्याला फेडायचं असतं म्हणून. पण हेल्मेट ही दोन हजारांची वस्तू असल्यामुळे तीत सगळ्यांना गती असते. मेव्हणा लडाखला जाऊन आलेला आहे. त्याचं हेल्मेट माझ्या पहिल्या मोटारसायकलपेक्षा महाग. "दाजी, एबीएस घेऊ नका, फायबरग्लास घ्या. ईसीई २२.०६ बघा. नुसतं डॉट असेल तर सोडून द्या. शार्पचे तारे किती आहेत?" मी म्हटलं, मला हिंजवडीपर्यंतच जायचंय. तो दुखावला. मुलगी म्हणाली, "बाबा, तू प्लीज मॅट ब्लॅक घे, नाहीतर मला शाळेत सोडायला येऊ नकोस." आई म्हणाली पांढरं घे, रात्री दिसतं आणि ऊनही कमी लागतं. शेजारच्या काकांनी सव्वा किलो गुणिले रोजचे दोन तास असा हिशेब मांडला, तो वर्षाकाठी क्विंटलांत नेला आणि एवढा माल हमालसुद्धा एका डोक्यावर घेणार नाही, असा निकाल दिला. ऑफिसातला एक सहकारी म्हणाला, ब्लूटूथचं घ्या सर, येता-जाता कॉल घेता येतात. हिंजवडीच्या रस्त्यावर तासभर अडकून पडल्यावर माणसाच्या वाट्याला एवढाच काय तो एकांत येतो. त्यातही आपल्याला साहेबाचा आवाज हवाय, असं म्हणणारा माणूस बढतीला पात्र असतो, आणि तो झालाही.

बायकोने फक्त एवढंच विचारलं, "पण त्याच्या आत असतं काय?"

आता हे मी रात्री जागून वाचलं होतं. बाहेरचं कवच कठीण असतं, ते घासत जायला आणि टोकदार वस्तू आत शिरू न द्यायला. गालाला लागतं ते मऊ अस्तर नुसतं बरं वाटावं म्हणून. खरं काम मधल्या थराचं. धक्का बसला की तो थर चेंगरतो आणि आपण चेंगरून डोक्याला वाचवतो. एकदा चेंगरला की त्याचं काम संपलं, मग हेल्मेट बाहेरून कितीही चकचकीत दिसो, बदलायचं. "आणि हा जो थर आहे ना," मी आवाज जरा खाली आणून म्हणालो, "तो म्हणजे एक्स्पांडेड पॉलिस्टायरीन."

"म्हणजे काय?"

"म्हणजे... थर्मोकोल."

बायको काही वेळ माझ्याकडे बघत राहिली. "बंदीच्या आधीचं गणपतीचं अख्खं मखर पडलंय माळ्यावर," ती म्हणाली.

त्याच वाचनात लॉरेन्स भेटला. टी. ई. लॉरेन्स, ज्याला जग लॉरेन्स ऑफ अरेबिया म्हणून ओळखतं. अरबस्तानच्या वाळवंटातून सुखरूप आला आणि १९३५ साली इंग्लंडात घराजवळच्या रस्त्यावर सायकलवरच्या दोन मुलांना चुकवताना मोटारसायकलवरून पडला. डोक्याला मार लागला, सहा दिवसांनी गेला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स नावाचा मेंदूचा सर्जन होता. त्याने हा विषय सोडला नाही. दुसऱ्या महायुद्धात मोटारसायकलवरून निरोप नेणारे जवान डोकी फोडून घेत होते, त्यांचा अभ्यास करून १९४१ साली त्याने लिहिलं की हेल्मेट घाला. सैन्याने ऐकलं. बाकीच्या इंग्लंडने हेल्मेटसक्ती केली १९७३ साली. म्हणजे डॉक्टरने सांगितल्यावर बत्तीस वर्षांनी. आपला मोटार वाहन कायदा १९८८चा, आणि पुण्यातली ती मोठी मोहीम २०१९ची. मधले छोटे प्रयत्न शहराने हसत हसत पचवले, ते सोडून देऊ. एकतीस वर्षं. साहेबापेक्षा आपण वर्षभर पुढेच आहोत, हे मी दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकांना सांगितलं तेव्हा ते पहिल्यांदाच हेल्मेटच्या विषयावर समाधानाने हसले.

शेवटी मी जाड पॅडवालं लार्ज घेतलं. रंग करडा, म्हणजे आई आणि मुलगी दोघींच्याही पसंतीचा नाही.

पहिल्याच सोमवारी कळलं की हेल्मेटच्या काचेला आणि नाकाला एकमेकांचं आतून माहीत असतं. काच उघडी असेपर्यंत नाक शांत असतं. काच खाली आली, दोन्ही हात हँडलवर गुंतले, मागे पीएमपीची बस लागली की त्याला खाज सुटते. हातमोजा घातलेलं बोट त्या फटीतून आत घालून नाकापर्यंत पोचण्याची कसरत मी भुजबळ चौकात केली, तर शेजारच्या रिक्षावाल्याने आपुलकीने विचारलं, "काय शोधताय?" शिंकेबद्दल तर मी सभ्य माणसांत बोलणार नाही. काच बंद असताना आलेली शिंक कुठे जाते, हा प्रश्न ज्याला पडला नाही तो सुखी.

चष्मेवाल्या माणसाचे हाल वेगळेच. चष्मा घालून हेल्मेट शिरत नाही, म्हणून चष्मा काढायचा, हेल्मेट घालायचं, मग चष्म्याच्या काड्या दोन्ही बाजूंनी पॅडच्या फटीतून आत सारायच्या. एक काडी हमखास कानाच्या खालून जाते. मग रस्ताभर जग जरा उतरतं दिसतं. पावसात हेल्मेटच्या काचेवर बाहेरून थेंब, आतून वाफ, आणि त्यामागे चष्म्यावर तिसरी वाफ. दुकानदाराने "आठ ठिकाणी व्हेंट आहेत, हवा खेळती राहते" असं सांगितलं होतं, ते खोटं नव्हतं. फक्त हवा खेळायला गाडी पळावी लागते. हिंजवडीच्या वाटेवर पायी जाणारे आम्हाला मागे टाकतात, तिथे ती आठही भोकं शेजारच्या टेम्पोचा धूर आत घेण्याचंच काम करतात.

ऐकू येत नाही, हा आक्षेप मात्र मला पटायला लागला आहे. सिग्नलला एक हेल्मेटवाला शेजारी येऊन थांबला. त्याने काहीतरी विचारलं. मला ऐकू आलं, "वाकडं का बघताय?"

"मी कुठे बघतोय?" मी म्हणालो.

त्याने पुन्हा जोरात तेच विचारलं. मीही चढ्या आवाजात सांगितलं की मी सरळ माणूस आहे, समोर बघून गाडी चालवतो. "सरळ का? थँक यू, काका," असं म्हणून तो गेला. त्याला वाकडला जायचं होतं, हे माझ्या पुढच्या चौकात लक्षात आलं.

बरं, हेल्मेट डोक्यावर असताना जेवढं छळतं, त्याच्या दुप्पट ते डोक्यावर नसताना छळतं. मोटारसायकलला डिकी नसते. आरशाला अडकवावं तर आतलं अस्तर फाटतं, आणि पावसात उलटं अडकवलं तर संध्याकाळी ते घालताच ऑफिसच्या पार्किंगमध्ये सचैल स्नान घडतं. म्हणून ते बरोबर घेऊन हिंडायचं. बँकेत शिरलो तर दारावर पाटी, 'हेल्मेट काढून आत यावे'. काढून हातात घेतलं तर आत पाटी, 'काउंटरवर सामान ठेवू नये'. परवा एका लग्नाला गेलो. कार्यालयात चपलांना राखणदार होता, त्याला विचारलं तर म्हणाला, "पायातलं ठेवतो, डोक्यातलं नाही." मग आहेराचं पाकीट एका हातात आणि हेल्मेट काखेत असा मी स्टेजवर उभा राहिलो. फोटोग्राफर म्हणाला, "काका, गिफ्ट जरा पुढे धरा." नवरदेवाने गोंधळून हात पुढे केले. त्या फोटोत माझ्या हेल्मेटचा एक पट्टा त्याच्या हातात आहे आणि दुसरा मी सोडलेला नाही.

पट्ट्यावरून आठवलं. कायद्यात नुसतं हेल्मेट घालून भागत नाही, पट्टाही नीट बांधावा लागतो. तरीही रस्त्यावर निम्म्या डोक्यांखाली पट्टे वाऱ्यावर उडत असतात. काही हुशार लोक तर हेल्मेट आणि कान यांच्यामध्ये मोबाइल खोचून बोलत जातात. घट्ट हेल्मेट का घ्यावं याचं इतकं पटणारं कारण आमच्या दुकानदारालाही सुचलं नव्हतं.

आणि या सगळ्यात कपाळ मात्र दुखेनासं झालं. फोम खरंच दबला. एके दिवशी मी घरी आलो, चहा मागितला, पेपर उघडला आणि मुलगी म्हणाली, "बाबा, तू आता हे घालूनच राहणार आहेस का?" तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की कपाला ओठ का लागत नाहीत.

नोव्हेंबर २०२४मध्ये मागे बसणाऱ्यांवरही कारवाई करायचे आदेश निघाले. कायद्याने त्यांना हेल्मेट आधीपासून लागतच होतं, पण पुण्यात मागे बसणारा माणूस हा गाडीचा भाग समजला जातो. मी बायकोला घेऊन पुन्हा नाना पेठेत गेलो. मनाची तयारी करून, डबा घेऊन.

"वहिनी, अंबाडा सोडायला लागेल," दुकानदार म्हणाला. तिने सोडला. टेप फिरला. ५७. "गोल," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात इतका आदर होता की मी दुसरीकडे पाहिलं. पहिलंच हेल्मेट तिने घातलं, मान दोनदा हलवली, गाल बरोबर फिरले. "बरंय की," ती म्हणाली. "याला तुम्हाला एवढा वेळ लागला होता?"

येताना ती मागे बसली. मी ब्रेक दाबला की तिचं हेल्मेट माझ्या हेल्मेटवर आपटायचं, टक्. खड्डा आला, टक्. गतिरोधक आला, टक् टक्. मधून मधून ती काहीतरी बोलत होती. दोन हेल्मेटांतून मला एवढंच कळत होतं की वाक्य संपलं आणि आता उत्तर अपेक्षित आहे. मी दर वेळी "हो" म्हणत होतो. वाद नाही, प्रश्न नाही, इतका सुखाचा प्रवास आमचा कित्येक वर्षांत झाला नव्हता.

दिवाळीत तिच्या माहेरची सगळी मंडळी आठ दिवस आमच्याकडे राहायला येत आहेत. मेव्हणा मोटारसायकलवरून येतोय. म्हणाला, "दाजी, तुमचं हेल्मेट तेवढं काढून ठेवा, नीट बघायचंय मला."